दादाचा निळा कॉलम

आमच्या क्लिनिकमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला काउंटर आहे. त्याच्यामागच्या फिरत्या खुर्चीत मी बसायचो. आता बसत नाही, ते पुढे येईलच.

क्लिनिक दातांचं. घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. डॉक्टर म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, दादा. मी डॉक्टर नाही. मी साकीनाक्याला रबराचे वॉशर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होतो. कंपनी वापीला गेली, मी गेलो नाही. तेव्हा दादा म्हणाला, "ये इकडे. काउंटरला माणूस हवाच आहे." त्याला खरंच माणूस हवा होता की मला खुर्ची हवी होती, हे त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारत नाहीत.

पुढे दादाची सून आली. तीही दातांचीच डॉक्टर. दुसरी खुर्ची लागली, आणि तिच्यामागोमाग सॉफ्टवेअर आलं. तोवर आमच्याकडे पेशंटांची कार्डं असायची आणि ती आडनावावर नव्हे तर वस्तीवर लावलेली असायची. भटवाडी, असल्फा, पारसीवाडी, आणि माहुलच्या रिफायनरीतून येणाऱ्यांचा एक वेगळा खण. दादाला नाव आठवायचं नाही, दाढ आठवायची. "ती असल्फ्याची, वरची डावी दाढ," एवढं म्हटलं की मी कार्ड काढायचो. सॉफ्टवेअरला मात्र आडनाव हवं, मोबाईल हवा, जन्मतारीख हवी. ज्यांची जन्मतारीख कार्डावर नव्हती त्यांना मी एक जून दिली. आमच्या पिढीला शाळेतही तीच मिळाली होती, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही. पण सॉफ्टवेअर वाढदिवसाच्या शुभेच्छाही पाठवतं. एक जूनला अर्ध्या भटवाडीला डॉक्टरांकडून शुभेच्छा गेल्या आणि सकाळपासून थँक्यूचे फोन. एक आजी म्हणाल्या, "डॉक्टरांना कसं कळलं? आमच्या घरच्यांना पण माहीत नाही."

सूनबाई तेव्हा हसली होती. "काका, तुम्ही म्हणजे ना." ती मला काका म्हणते.

तर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डॉक्टरचा एक उभा कॉलम असतो. दादाचा निळा, सूनबाईचा गुलाबी. त्यात वेळेप्रमाणे पेशंटांचे चौकोन. पेशंट आला की त्याच्यावर ‘आले’ करायचं, खुर्चीत बसला की ‘आत’, आणि आलाच नाही तर ‘आले नाहीत’. चौकोन माऊसनं धरून इकडून तिकडे नेता येतो. निळ्यातला उचलायचा, गुलाबीत ठेवायचा. पेशंटला काही कळत नाही. फोन नाही, बोलाचाली नाही. आवाजसुद्धा होत नाही.

हे मला नीट यायला लागलं आणि त्याच सुमाराला दादाच्या हातातून आरसा पडला. दातांचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा. पेशंटच्या मांडीवर पडला, काही झालं नाही. दादानं दुसरा घेतला, तोही सुटला. मानेची तपासणी झाली. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघून मानेतली नस दबली होती. उजव्या अंगठ्यातली आणि शेजारच्या दोन बोटांतली जाणीव कमी होत चालली आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आता कमी आहे, आणखी होईल. ड्रिल हातात घ्यायचं नाही, सुई घ्यायची नाही.

दादा म्हणाला, "बरं."

घरी येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला की इथले खड्डे कधी भरणार कोण जाणे. मीही खड्ड्यांवर बोललो.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं मला आत बोलावलं. "काका, रूट कॅनाल, फिलिंग, दात काढणं, यातलं काही बाबांच्या कॉलममध्ये टाकू नका. जे आहेत ते माझ्याकडे सरकवा. एकदम नको, हळूहळू."

"आणि त्यांच्याकडे काय ठेवू?"

"तपासणी. आणि कवळ्या."

कवळ्या हा दादाचाच प्रांत होता. सूनबाईला त्यात गोडी नव्हती आणि दादाला त्यात गती होती. कवळीला ना ड्रिल तोंडात घालावं लागतं, ना सुई. ती हातात घ्यायची, बोट फिरवायचं, कुठे टोचतं ते शोधायचं, घासायचं, परत बसवायची. तेवढं काम राहिलं तर दादा डॉक्टर राहणार होता. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांचं त्यावरच चाललं होतं.

मग मी सरकवायला लागलो. दर संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या निळ्यातले चौकोन गुलाबीत. दादा रोज सकाळी आल्यावर आतल्या स्क्रीनवर आपला कॉलम बघायचा. एक दिवस बघून म्हणाला, "ती माहुलची, खालची उजवी, ती माझ्याकडे होती ना रे?"

मी म्हटलं, "तिला मॅडमच हव्या होत्या."

"बरं," दादा म्हणाला.

मला त्या वेळी काय वाटलं, हे नंतर आमच्या घरच्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर काहीच नाही. दादा इंजेक्शन दिल्यावर पेशंटला नेहमी एकच वाक्य सांगायचा, "आता जरा जड लागेल, मग काही वाटणार नाही." तसंच. मी चौकोन सरकवायचो, चहा प्यायचो, सरकवायचो.

अडचण एवढीच झाली की कवळ्यांचे पेशंट रोज येत नाहीत. एकदा दात पडले की पडले. गुलाबी कॉलम इतका भरला की दोन चौकोनांत जागा राहीना, आणि निळा मोकळा. दादा मात्र वेळेवर यायचा, पांढरा कोट घालायचा. जबड्याची मापं घ्यायच्या तबकड्या खणातून काढायचा, लहान-मोठ्या लावायचा, परत ठेवायचा. मग बाहेर येऊन विचारायचा, "आज कोणी नाही का रे?"

"आहेत ना. दुपारी."

दुपारी कोणी नसायचं. दुपारी तो विचारायचाही नाही.

मग एका आठवड्यातला गुरुवार बुधवारीच पूर्ण रिकामा दिसत होता. वरपासून खालपर्यंत निळा, एक चौकोन नाही. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो आणि मग माझ्या डोक्यात एक आलं. माझ्या डोक्यात काही आलं की आमच्या घरचे आधी खुर्ची धरतात, पण त्या दिवशी शेजारी कोणी नव्हतं.

मी गुरुवारच्या निळ्या कॉलममध्ये नातेवाईक भरले.

आमचं सगळं कुटुंब पेशंट म्हणून सॉफ्टवेअरमध्ये होतंच, कारण सगळ्यांचे दात दादानंच बघितलेले. बोरिवलीची आत्या घेतली. मुलुंडचा मावसभाऊ घेतला. अंधेरीचे काका घेतले. मध्ये मध्ये थोडी जागा सोडली, खरं वाटावं म्हणून. सगळ्यांपुढे ‘तपासणी’. विचार असा की दादा सकाळी कॉलम बघेल, त्याला बरं वाटेल, आणि एकेकाची वेळ उलटली की मी ‘आले नाहीत’ करत जाईन. न येणारे पेशंट काय, सगळ्या डॉक्टरांना असतात. त्यात कमीपणा नाही.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर आदल्या संध्याकाळी अपॉइंटमेंटची आठवण पाठवतं हे तुला माहीत नव्हतं का. माहीत होतं. रोज जायचे मेसेज. पण ते पेशंटला जातात, आणि आत्या माझ्या डोक्यात पेशंट नव्हती, आत्या होती. एवढंच झालं.

आणि आमच्या कुटुंबात दादाकडे अपॉइंटमेंट घेऊन कधी कोणी आलेलं नाही. दात दुखला की सरळ येतात, आत बसलेल्या पेशंटला "जरा थांबा हं" म्हणतात आणि तोंड उघडतात. अशा लोकांना संध्याकाळी दादाच्या नावानं मेसेज गेला, की उद्या अमुक वाजता डॉक्टर आपली वाट पाहतील. दादा वाट पाहतोय, म्हणजे काहीतरी झालंय. आत्यानं मावसभावाला फोन केला, त्यालाही आलेला. म्हणजे सगळ्यांना बोलावलंय. म्हणजे नक्कीच झालंय. अशा वेळी आमच्याकडे फोन करून विचारत नाहीत. डबा भरतात आणि येतात.

गुरुवारी सकाळी दादानं कोट घातला, कॉलम बघितला आणि मला म्हणाला, "आज बरंच काम दिसतंय."

"हो ना. एकदम आले."

सूनबाईनं आपला स्क्रीन बघितला आणि काउंटरवर आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, हे निळ्यातले कोण?"

"पेशंट."

"हे माझ्या लग्नात पहिल्या रांगेत बसले होते."

"तेच. त्यांचे दात आता तपासायला झालेत."

ती पुढे काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि आत्या आत आली. काठी, शाल, डबा, आणि मागे वळून रिक्षावाल्याशी अजून बोलत. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ आत गेली आणि दादाच्या समोर उभी राहिली.

"काय रे झिला, बरो आसस मा?"

दादा म्हणाला, "मी बरा आहे. तू कशी आलीस?"

"तू बोलवलंस, म्हणान इलंय. माका मोबाईलार मेसेज इलो. दात तपासूचे म्हणता." तिनं शालीतून फोन काढून त्याला दाखवला. "माझे दात खंय आसत? हे तर तुझेच दात."

ते खरंच होतं. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या दादाच्याच हातच्या.

दादानं मेसेज वाचला. मग दारातून माझ्याकडे बघितलं. मी कीबोर्ड पुसायला घेतला.

मावसभाऊ आला तो बाहेरच माझ्या अंगावर. "काय रे, काय लफडं काय आहे? दादा आजारी आहे का? की क्लिनिक विकतोय? मी हाफ डे टाकून आलोय यार, सरळ बोल."

"काही नाही. रूटीन."

"रूटीन? माझा दात कधी दुखला तर हा म्हणतो लवंग धर. आणि आज मेसेज? वाट लागली म्हणजे काहीतरी."

त्याच्या हातातही डबा होता. तो बाकावर बसला आणि शेजारच्या खऱ्या पेशंटला "तुम्हाला पण मेसेज आला का?" असं विचारू लागला.

मग काकू आल्या. अंधेरीचे काका जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, हे मला तेव्हा आठवलं, त्यांना दारात बघून. कॉलम भरताना नाव दिसलं, ओळखीचं वाटलं, घेतलं. नंबर आता काकूंकडे असतो.

मी उभा राहिलो. "काकू, ते चुकून..."

"असू दे रे," काकू म्हणाल्या. "ह्यांची अपॉइंटमेंट आली. म्हटलं, रिकामी कशाला जाऊ द्यायची, मीच जाऊन येते." आणि पर्स मांडीवर ठेवून बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "सॉफ्टवेअरमध्ये अजून आहेत वाटतं ते."

"आहेत," मी म्हटलं.

"मग राहू दे."

मी ‘आले’ करायचं की नाही यावर थोडा वेळ घालवला. शेवटी केलं.

आत दादानं आत्याला खुर्चीत बसवलं होतं. आली आहे तर बघतो, असं तो म्हणाला. आत्याही म्हणाली, बघ, खालची टोचतेच आहे. "कायतरी खरखरीत आसा थंय. मासो खाऊक येत नाय." मावसभाऊ दारात जाऊन उभा राहिला, त्याच्यामागे मी. सूनबाई तिच्या खुर्चीशी एका पेशंटचं तोंड जड व्हायची वाट बघत उभी होती. दोन खुर्च्यांच्या मध्ये नुसता अर्धा पडदा आहे.

दादानं हातमोजे घातले. आत्याची खालची कवळी काढली, धुतली, दिव्याखाली धरली. मग मोजा काढला. हे तो नेहमी करायचा, टोक शोधायचं तर उघड्या बोटानं. त्यानं उजव्या हाताचं बोट कवळीच्या कडेवरून फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थांबला. परत फिरवलं. उलटी केली, आतल्या बाजूनं फिरवलं.

"मिळालां काय?" आत्यानं तोंडात खालचे दात नसताना विचारलं.

"शोधतोय."

त्यानं डाव्या हातातली कवळी जरा फिरवली आणि उजव्याचं मधलं बोट लावून बघितलं. मग अंगठा. मावसभाऊ काहीतरी विनोद करायच्या बेतात होता, तो मध्येच थांबला. मी दादाच्या बोटाकडे बघत होतो. बोट व्यवस्थित चालत होतं. सावकाश, एक जागा न सोडता, जसं नेहमी चालायचं तसंच.

दादानं कवळी खाली ठेवली.

"तू बघ गं," तो पडद्याकडे न बघता म्हणाला. "मला काही लागत नाही."

सूनबाई आली. तिनंही मोजा काढला. कवळीवरून एकदा बोट नेलं आणि लगेच थांबली. "इथे आहे, बाबा. हे बघा."

तिनं कवळी त्याच्यापुढे धरली. दादानं तिचं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं. थोडा वेळ ठेवलं.

"असेल," तो म्हणाला.

आत्याला तेवढ्यात सगळं कळलं. तिनं काठी उचलली, परत खाली टेकवली. दादानं स्वतःच सांगितलं. "बोटं गेलीत आत्या. मानेमुळे." एखाद्याला उजवी दाढ गेली म्हणून सांगतो, तशा आवाजात.

आत्या म्हणाली, "बरां झालां बोलवलंस."

सूनबाईनं खरखर घासून काढली, कवळी बसवली, आत्यानं जबडा हलवून बघितला. मग सूनबाई कॉम्प्युटरपाशी गेली आणि थांबली. काम तिनं केलेलं, चौकोन दादाच्या कॉलममध्ये. तिच्या नावावर नोंद होईना. "राहू दे," ती म्हणाली, "मी नंतर करते."

"नंतर कशाला?" दादा बाहेर काउंटरवर आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. "हे सरकवतात कसं, दाखव."

"मी करतो ना."

"तू रोजच करतोस. दाखव मला."

मी उठलो. तो बसला. माऊस त्यानं उजव्याच हातात धरला, पण बोटाखाली बटण दाबलं गेलंय की नाही हे त्याला कळेना. पहिल्यांदा चौकोन सुटला आणि मधेच कुठेतरी पडला. मी हात पुढे केला, त्यानं कोपरानं बाजूला केला. मग माऊस डाव्या हातात घेतला, आत्याचा चौकोन निळ्यातून उचलला आणि गुलाबीत ठेवला. ‘बदल नक्की करायचा?’ असं आलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि हो केलं.

मग मावसभावाचा. मग काकांचा. तिथे जरा थांबला.

"यांना कशाला बोलावलंस रे?"

"चुकून."

"हं." आणि तोही सरकवला.

मावसभाऊ तोवर माझ्या कानाशी. "तू साला सरळ सांगायचंस ना रे फोन करून. सगळे आलो असतो." मी म्हटलं, फोन केला असता तर काय सांगितलं असतं? त्यावर त्यानं हातातला डबा काउंटरवर ठेवला.

डबे मग क्लिनिकमध्येच उघडले. आत्यानं घावणे आणले होते, मावसभावाकडे ढोकळा, काकूंकडे साबुदाण्याची खिचडी, कारण काका गेल्यापासून त्या गुरुवार धरतात. दातांच्या क्लिनिकमध्ये बसून खाणारी माणसं बघून एक नवा पेशंट दारातूनच मागे फिरला. सूनबाईनं खऱ्या पेशंटांनाही एकेक घावणा दिला, ज्यांना अजून इंजेक्शन दिलं नव्हतं त्यांना. रडलं कोणी नाही. आत्यानं दादाच्या उजव्या हाताची बोटं एकदा चोळून बघितली, लहान मुलाला थंडीत चोळतात तशी, आणि सोडली.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर दादा माझ्या खुर्चीत. कोट नाही, साधा शर्ट. सूनबाईनं त्याला हळूच विचारलं, "बाबा, तुमचा कॉलम बंद करून टाकू का? सॉफ्टवेअरमध्ये तसं करता येतं."

"नको," दादा म्हणाला. "त्यात दुपारचा चहा टाक."

म्हणून आमच्याकडे आता निळ्या कॉलममध्ये रोज एक चौकोन असतो, चहाचा. तेवढा एकच. त्याची वेळ कधी चुकत नाही.

मी कुठे बसावं ते ठरत नव्हतं, म्हणून बाकावर बसलो. पेशंट आले की सरकतो. दादाचं डाव्या हाताचं टायपिंग अगदी हळू आहे, पण लोकांना वाईट वाटत नाही, कारण टाईप करताना तो त्यांना त्यांच्या जुन्या दाढा सांगतो. एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा हेच बरे बोलतात." मी म्हटलं, हो, घरी पण तसंच म्हणतात.

त्या पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला. सवयीनं मी बाकावरून उठलो. दादानं डाव्या हातानं उचलला. पलीकडच्या माणसाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, साकीनाक्याकडचा असावा, मागे मशीन चाललेलं.

"डॉक्टर आहेत का?"

दादानं स्क्रीनकडे बघितलं.

"मॅडम आहेत," तो म्हणाला. "या तुम्ही."